मुलगा पाठवला जातो, घर मागोमाग येतं

सोमवारी पहिल्या तासाला पोटात दुखणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात. प्रार्थना होते, हजेरी होते आणि गणिताचं पुस्तक उघडायच्या सुमारास एखादा पोरगा पोट धरून उभा राहतो. शिपाईमावशी त्याला ऑफिसशेजारच्या बाकावर आडवं करतात, ओव्याची चिमूट देतात, घरी फोन जातो. पहिल्यांदा सगळ्यांना काळजी वाटते. महिन्यात तिसऱ्यांदा असं झालं की ‘नाटकं करतो’ हा शेरा ठरलेला. डॉक्टर पोट तपासतात, सोनोग्राफी करून घेतात, काही सापडत नाही. पण मुलाचं पोट खरंच दुखत असतं. लहान मुलाला ‘मला भीती वाटते’, ‘मला घरी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं’ असं सांगता येत नाही. ते काम त्याचं शरीर करतं. लहान मुलांच्या मानसिक ताणाची ही अगदी नेहमीची लक्षणं आहेत: पोटदुखी, डोकेदुखी, अंथरूण ओलं होणं, अचानक शाळेला नकार.

शाळेत समुपदेशक असेल तर अशा वेळी वर्गशिक्षिकेची चिठ्ठी तिच्याकडे जाते. (पुरुषही हे काम करतात, पण मराठी शाळांमध्ये मुलांच्या तोंडी बहुतेक वेळा ‘काउन्सिलर मॅडम’च असतात.) मॅडमचे प्रश्न डॉक्टरांपेक्षा वेगळे असतात. पोट कोणत्या वारी दुखतं? कोणत्या तासाला? त्या दिवशी शाळेत सोडायला कोण येतं? सुट्टीत पोट दुखतं का? रविवार घरी कसा जातो?

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरू शकतो. या व्यवसायाबद्दल सर्वसाधारण समज असा, की बिघडलेलं मूल समुपदेशकाकडे पाठवायचं आणि दुरुस्त होऊन परत घ्यायचं. प्रत्यक्षात हे काम करणारी माणसं बराचसा वेळ मोठ्यांशी बोलण्यात घालवतात: आईवडील, आजी, वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, कधी शिकवणीच्या बाई, कधी रिक्षावाले काका. मूल ज्या घरात आणि ज्या वर्गात राहतं तिथली हवा बदलल्याशिवाय मुलात झालेला बदल टिकत नाही.

समुपदेशकाची खोली बहुधा शाळेतली उरलेली जागा असते. प्रयोगशाळेमागची अडगळ, ग्रंथालयाचा कोपरा, जिन्याखालची खोली. चांगली समुपदेशक तिथेही काही गोष्टी आग्रहाने करून घेते. दार बंद होतं, पण दाराला काच असते. बाहेरून दिसतं, ऐकू येत नाही. टेबल मध्ये ठेवत नाहीत. दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता थोड्या तिरप्या मांडतात, म्हणजे मुलाला सतत डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. कागद, खडू, माती, चेहऱ्यांची चित्रं असलेली कार्डं हाताशी असतात.

समजा, सोमवारी पोट दुखणारा तो मुलगा आत येतो. सातवीतला. त्याला वाटतं, आपल्याला शिक्षा झाली आहे. पहिली पाच मिनिटं तो ‘काही नाही’ एवढंच म्हणतो. मॅडम ‘काय झालं?’ असं विचारत नाहीत. आधी इथले नियम सांगतात: तू इथे जे बोलशील ते मी बाईंना, आईला, कोणालाही विचारल्याशिवाय सांगणार नाही. तीन गोष्टी मात्र माझ्यापुरत्या ठेवता येणार नाहीत. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्याला धोका असेल किंवा कोणी तुला इजा करत असेल, तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल आणि ते मी तुला आधी सांगेन. मग कागद पुढे येतो. ‘घरातल्या माणसांचं चित्र काढशील?’ मुलगा आई काढतो, बहीण काढतो, स्वतःला काढतो. तिघंही आडवी आहेत.

‘झोपलीत का सगळी?’

‘हो. बाबा आले की आम्ही झोपलेले असतो.’

‘किती वाजता येतात बाबा?’

‘रविवारी उशिरा. आम्ही जागेच असतो. डोळे मिटून.’

चित्रावरून भविष्य सांगितल्यासारखा निष्कर्ष काढायचा नसतो. चित्र हे फक्त बोलायला निमित्त. पण इथून पुढची दिशा स्पष्ट होते. रविवारी वडील पिऊन येतात, भांडण होतं, सोमवारी सकाळी मुलाला आईला घरी एकटं सोडून शाळेत यायचं असतं. पोट शाळेमुळे दुखत नाही, घर मागे राहतं म्हणून दुखतं. अशी गोष्ट ऐकलेला कोणताही शालेय समुपदेशक सांगेल की इथे मुलाला श्वासाचे व्यायाम शिकवणं हे कामाचं अगदी छोटं टोक आहे.

मग आईला बोलावणं धाडतात. शाळेतून बोलावणं आलं की आई आधीच घाबरून येते आणि पहिलं वाक्य बहुतेकदा ठरलेलं असतं: ‘मॅडम, दाखला हातात देणार नाही ना?’ तिला धीर देण्यातच पहिली भेट संपते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ती बोलू लागते. वडील येतील का, हा पुढचा प्रश्न. ते आले तर त्यांना आरोपीसारखं बसवून चालत नाही. ‘तुमचा मुलगा वर्गात सगळ्यांत शांत आहे, त्याची काळजी वाटते’ इथून सुरुवात केली तर दार उघडं राहतं. व्यसनमुक्तीचे उपचार समुपदेशक स्वतः देत नाही. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र किंवा जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, असा रस्ता ती दाखवते. बऱ्याच घरांत वडील येतच नाहीत. तरीही काही करता येतं. मुलाला कळतं की बाबांचं पिणं ही त्याची चूक नाही आणि ते थांबवणं ही त्याची जबाबदारी नाही. आईला कळतं की गरज पडली तर कोणाला फोन करायचा. आणि वर्गशिक्षिका सोमवारच्या पहिल्या तासाला त्याला फळ्यापाशी उभं करणं थांबवते. एवढ्याने वडिलांचं पिणं थांबत नाही, हे खरं. पण मूल एकटं राहत नाही.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. मुंबईत १९३६मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं (आजची टाटा समाजविज्ञान संस्था), आणि पुढच्याच वर्षी त्या संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. देशातलं हे पहिलं बालमार्गदर्शन केंद्र. त्याच काळात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्समधल्या बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. ‘बिने-कामत’ म्हणून ती आजही महाराष्ट्रातल्या केंद्रांत वापरली जाते. १९६२मध्ये पुण्यात मानसशास्त्रज्ञ अप्पा पेंडसे यांनी ‘ज्ञान प्रबोधिनी’ उभी केली आणि शिक्षणाला मानसशास्त्राची जोड दिली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिचा उपयोग आज परीक्षेला घाबरणाऱ्या मुलांशी बोलताना होतो. ठाण्यात १९९०मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या ‘आयपीएच’ (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेने मनाच्या आरोग्याची भाषा पालकांच्या घरापर्यंत नेली. इतकी परंपरा असूनही सर्वसाधारण मराठी शाळेत समुपदेशकाची खोली अजून दिसत नाही, हे मनाला लागतं.

गरज किती आहे, याचे आकडे उपलब्ध आहेत. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होतं, ग्रामीण भागात ६.९. साठ मुलांच्या एका तुकडीत चार मुलं, असा हिशेब धरायला हरकत नाही. आणि यात आजार नसलेली, पण आईवडिलांच्या भांडणाने, आजोबांच्या मृत्यूने, चिडवण्याने खचलेली मुलं मोजलेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार प्रौढांमधले निम्मे मानसिक आजार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे मूल आठवी-नववीत असताना. त्या वयात मूल रोज पाच-सहा तास जिथे असतं ती जागा शाळाच.

शिकण्यातल्या अडचणींचा प्रांत तर समुपदेशकाशिवाय उघडतच नाही. तोंडी उत्तरं फटाफट देणारी, पण वहीत काना-मात्रा-वेलांटी हरवणारी, जोडाक्षर आलं की अडखळणारी, गणितात ४१चे १४ लिहिणारी मुलं प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीची असतात. ‘लक्ष नाही’, ‘आळशी आहे’, ‘मुद्दाम करतो’ हे शेरे त्यांच्या प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षं जमत जातात. २००७च्या डिसेंबरमध्ये ‘तारे ज़मीन पर’ हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला. पण शब्द पोचणं आणि मदत पोचणं यात अंतर आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत जागा दिली. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र लागतं. ते मिळेपर्यंत नजर आणि कानांची तपासणी, बुद्धिमापन, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, अशा अनेक फेऱ्या सरकारी रुग्णालयात माराव्या लागतात. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला प्रत्येक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी. कोणती कागदपत्रं, कोणता वार, कोणती खिडकी, हे सांगणारं आणि दहावीऐवजी पाचवीतच हे ओळखणारं माणूस शाळेत असलं तर मुलाची पाच वर्षं वाचतात. निदान झाल्यावर आईबाबांशी होणारं बोलणं त्याहून अवघड असतं. ‘म्हणजे आमचा मुलगा मंद आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून भागत नाही. तो नेमका कशात हुशार आहे आणि कशात त्याला वेगळी पद्धत लागते, हे त्याच्याच वह्या समोर ठेवून दाखवावं लागतं.

आता सगळ्यात कठीण भाग. एखादी मुलगी खोलीत येऊन सांगते की कोणीतरी तिला नको तसा हात लावतं. ते कोणीतरी बहुधा ओळखीचं असतं: शेजारी, नातेवाईक, कधी शाळेतलंच माणूस. इथे गुप्ततेचा नियम संपतो. २०१२च्या पोक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण) कायद्याच्या कलम १९नुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेचं नाव खराब होईल’, ‘मुलीच्या लग्नाचं काय’, ‘आपण आपसात मिटवू’ ही वाक्यं समुपदेशकाला शाळा आणि घर अशा दोन्ही बाजूंनी ऐकू येतात. समुपदेशकाचं काम तपास करणं नसतं. मुलीला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावायचं नाही, तिच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, तिने सांगितलेलं तिच्याच शब्दांत नोंदवायचं, ‘तुझं काही चुकलं नाही’ हे तिला निःसंदिग्ध सांगायचं आणि नियमाप्रमाणे पुढे कळवायचं. महाराष्ट्र शासनाने १० मार्च २०२२च्या निर्णयाने शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करायला सांगितल्या. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेने राज्य हादरलं, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा या समित्यांचं पुढे काय झालं हा प्रश्न अनेकांनी विचारला. कागदावरची समिती आणि मुलीला ज्याच्याकडे जावंसं वाटेल असं माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जगणं नको झालेल्या मुलाबद्दलही एक गैरसमज आहे. ‘मरणाचे विचार येतात का, असं विचारलं तर उलट त्याच्या डोक्यात ते भरेल’ असं पुष्कळ पालक-शिक्षकांना वाटतं. तसं होत नाही. शांतपणे, सरळ शब्दांत विचारलं तर बहुतेक मुलांना सुटल्यासारखं होतं, कारण कोणीतरी विचारावं याची ती वाट पाहत असतात. असा धोका दिसला की समुपदेशक मुलाला एकटं सोडत नाही, त्याच दिवशी पालकांना बोलावते, घरातली औषधं-कीटकनाशकं हाताला लागणार नाहीत असं बघायला सांगते आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. शेतकरी घरात ही कीटकनाशकाची सूचना फार महत्त्वाची आहे.

शिक्षकांशी असलेलं नातं हा या कामातला नाजूक धागा. शिक्षकांकडे साठ-सत्तर मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामं, ऑनलाइन भरायची माहिती; त्यात ‘त्याला समजून घ्या’ असा सल्ला देणारी व्यक्ती आली की राग येणं साहजिक आहे. म्हणून अनुभवी समुपदेशक सल्ल्याआधी वर्गात मागच्या बाकावर बसून दोन तास पाहते. सतत उठणारा मुलगा खिडकीशेजारी बसवला की उठतो आणि पुढच्या बाकावर वही वाटायचं काम दिलं की थांबतो, असं काहीतरी नेमकं हाती लागलं की शिक्षिका स्वतःहून दुसऱ्या मुलाची चिठ्ठी पाठवते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. छडी गेली, पण तिच्या जागी वर्ग सांभाळण्याचं दुसरं कौशल्य शिक्षकांना कोणी शिकवलं? हे शिकवण्याचं काम समुपदेशकाकडून करून घेता येतं, आणि ते खोलीतल्या एकेका भेटीपेक्षा कितीतरी जास्त मुलांपर्यंत पोचतं.

दुसऱ्या बाजूला शाळा समुपदेशकाला कशी वापरते हेही बघायला हवं. कोणी रजेवर गेलं की ‘मॅडम, सहावी ब मध्ये बसा जरा’ म्हणून बदली तासाला पाठवणं, स्नेहसंमेलनाची जबाबदारी देणं, परीक्षेला सुपरव्हिजन लावणं हे सर्रास चालतं. सकाळी ज्या बाईंनी कॉपी पकडली त्यांच्यापाशी दुपारी मन मोकळं कोण करेल? ‘पुन्हा असं केलंस तर काउन्सिलरकडे पाठवीन’ ही धमकीही तशीच घातक. त्या खोलीचं दार एकदा शिक्षेचं दार झालं की मुलं तिथे स्वतःच्या पायाने येत नाहीत.

नियमांच्या पातळीवर चित्र सरकतं आहे. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची नेमणूक आहे. राज्य मंडळाच्या अनुदानित शाळांत मात्र पदं पटसंख्येवरून संचमान्यतेत (शाळेची मंजूर पदं ठरवण्याच्या प्रक्रियेत) ठरतात आणि तिथे समुपदेशकाला स्वतंत्र स्थान नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत मंडळ समुपदेशकांचे फोन क्रमांक जाहीर करतं, एवढाच अनेकांचा या व्यवसायाशी संबंध. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने विशाखापट्टणमला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे; त्या वर्षी राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावं आणि गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, असं न्यायालयाने सांगितलं. शंभरांहून कमी मुलांच्या शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्क बांधून ठेवायचा आहे.

आता शहरांपलीकडे पाहू. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यावर जातो तेव्हा पोर आजीकडे राहतं किंवा फडावर जातं. गडचिरोलीतल्या आश्रमशाळेत सहा वर्षांचं मूल आईपासून महिनोन्महिने दूर असतं आणि त्याची घरातली बोली वर्गात कोणी बोलत नाही. खरं तर सर्वांत आधी समुपदेशक इथे हवा. तो येईपर्यंत १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेली ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येतं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवायला काही खर्च येत नाही.

पालकांच्या हातात आणखी एक साधन आहे, ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सभासद पालक असतात आणि निम्म्या सभासद महिला. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आहे. जूनमधल्या पहिल्या बैठकीत गणवेश आणि सहलीबरोबर तिथे विचारता येतं: आपल्या शाळेत समुपदेशक आहे का, तिचं शिक्षण काय, आठवड्यातून किती दिवस येते, तिला बदली तासाला पाठवतात का, तिची खोली कोणती, मुलांच्या नोंदी कोणाच्या कुलपात असतात आणि ‘सखी सावित्री’ समितीची मागची बैठक कधी झाली. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं.